शाळेचा पैसा, गावाचा हिशेब

जळगाव किंवा धुळे महानगरपालिकेच्या घरपट्टीचे देयक हाती आले की सुजाण नागरिकही एकूण रकमेवर नजर टाकतो, सुस्कारा सोडतो आणि भरण्याची अखेरची तारीख पाहून कागद घडी करून ठेवतो. त्या देयकात मधल्या एका ओळीत 'शिक्षण उपकर' असतो. महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी उपकर अधिनियम १९६२ चा. त्याअन्वये होणारी ही वसुली आता साठ वर्षांहून जुनी झाली आहे. पगारदार मध्यमवर्गीयाच्या प्राप्तिकरावर २००४ मध्ये दोन टक्के शिक्षण उपकर बसला, २००७ मध्ये तो तीन टक्के झाला आणि २०१८ पासून आरोग्याला सोबत घेऊन चार टक्के झाला. यातला कोणताही आकडा नागरिकाने नाकारलेला नाही. मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून मागितलेला पैसा या देशात कुणी सहसा कुरकुरत देत नाही.

खानदेशच्या शेतकऱ्याला तर ही सवय त्याहून जुनी आहे. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा स्थानिक निधीसाठी घेण्याची पद्धत सुरू झाली आणि त्यातला एक तृतीयांश हिस्सा शाळांसाठी राखला गेला. तेव्हा खानदेश अखंड होता. पूर्व आणि पश्चिम अशी त्याची वाटणी १९०६ मध्ये झाली. कापूस पिकवणाऱ्या, स्वतः पाटीला हातही न लावलेल्या कुणब्याने त्या आण्यातून गावोगावच्या मराठी शाळा उभ्या केल्या. पुढे जिल्हा लोकल बोर्ड आले, स्कूल बोर्ड आले, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. पाट्या बदलल्या, पैसा देणारा तोच राहिला. म्हणूनच त्या पैशाचे पुढे काय होते हे विचारण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे. हा प्रश्न विचारणे म्हणजे सरकारी शाळेचे वैर करणे, असा एक समज शिक्षक संघटनांनी आणि काही विचारवंतांनी रूढ करून ठेवला आहे. तो आधी बाजूला ठेवला पाहिजे.

हिशेब मागितला की काय हाती लागते, याचा एक नमुना दिल्लीतलाच आहे. माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी म्हणून २००६-०७ ते २०१६-१७ या काळात ८३ हजार ४९७ कोटी रुपये उपकरापोटी गोळा झाले. हा पैसा ज्या स्वतंत्र निधीत जमा व्हायचा तो निधीच त्या दहा वर्षांत निर्माण झाला नव्हता, हे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले. त्या निधीला मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली ती ऑगस्ट २०१७ मध्ये. पैसा चोरीला गेला असा याचा अर्थ नाही. तो शिक्षणावर खर्च झाला की अन्यत्र, हे सांगता येईल अशी व्यवस्था नव्हती, एवढाच अर्थ आहे, आणि तो पुरेसा गंभीर आहे. दिल्लीच्या स्तरावर जे घडले तेच लहान प्रमाणात जिल्ह्याच्या, तालुक्याच्या आणि शाळेच्या पातळीवर घडते. शाळेवर किती खर्च होतो, हे तिच्या गावाला ठाऊक नसते.

ते कळण्यासाठी फार मोठ्या गणिताची आवश्यकता नाही. सातव्या वेतन आयोगानुसार प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी २९ हजार २०० पासून सुरू होते. महागाई भत्ता, घरभाडे, सेवेची वर्षे लक्षात घेऊन एका शिक्षकामागे शासनाला महिन्याला सरासरी साठ हजार रुपये पडतात असे हिशेबापुरते मानू. दोन शिक्षकांचे वर्षाचे वेतन झाले १४ लाख ४० हजार. शाळेत साठ मुले असतील तर एका मुलामागे २४ हजार रुपये पडले. वीस मुले असतील तर ७२ हजार. दहाच असतील तर १ लाख ४४ हजार. इमारत, पोषण आहार, गणवेश, पुस्तके, वरच्या अधिकाऱ्यांची उतरंड यांतले काहीही या आकड्यात धरलेले नाही.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा. शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांवर खाजगी शाळेत प्रवेश घेतलेल्या मुलामागे महाराष्ट्र शासन त्या शाळेला वर्षाला १७ हजार ६७० रुपये देते. कायद्याचे कलम असे की, शासनाचा स्वतःचा दर मुलामागचा खर्च किंवा शाळेचे प्रत्यक्ष शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते द्यावे. म्हणजे सरकारी शाळेत एका मुलामागे वर्षाला साडेसतरा हजारांच्या आसपास खर्च होतो, असे शासन कागदोपत्री मानते. ज्या तालुक्यात वीस पटाच्या शाळांची रांग लागली आहे तेथील कुठलाही मुख्याध्यापक हा आकडा ऐकून हसेल. खाजगी शाळांना तेही पैसे वेळेवर मिळत नाहीत, शेकडो कोटींची थकबाकी राहते, हा आणखी वेगळा विषय. खर्चाचा खरा आकडा काढायचा नाही, काढला तर सांगायचा नाही आणि ठरवलेला आकडाही द्यायचा नाही, अशी ही तिहेरी कसरत आहे.

वीस पटाच्या शाळा आल्या कुठून? त्यांच्या मुळाशी कुणाचा दुष्ट हेतू नाही. वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असावी हे धोरण योग्यच होते. सहस्रकाच्या आरंभी वस्तीशाळा निघाल्या, सर्व शिक्षा अभियानातून खोल्या बांधल्या गेल्या, शाळा पाड्यापर्यंत पोहोचली. त्यानंतरच्या वीस वर्षांत कुटुंबे लहान झाली. रस्ते डांबरी झाले आणि त्या रस्त्यांवरून पिवळ्या बसगाड्या धावू लागल्या. चाळीसगाव, अमळनेर, शिंदखेडा, शिरपूर परिसरातल्या गावांतून सकाळी इंग्रजी माध्यमाची बस मुले उचलून नेते. ज्याला शुल्क परवडते तो मुलाला त्या बसमध्ये बसवतो. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी पंचवीस टक्क्यांची सोय शासनच करते. मागे उरतात ती शेतमजुराची, ऊसतोडीला जाणाऱ्याची आणि वनवासी पाड्यावरची मुले. एकाच मुलासाठी जिल्हा परिषद शाळा चालवते, आदिवासी विकास विभाग आश्रमशाळा चालवतो आणि शालेय शिक्षण विभाग खाजगी शाळेचे शुल्क भरतो. तिन्ही खाती एकाच तिजोरीतून खर्च करतात आणि पटासाठी एकमेकांशी स्पर्धाही करतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून वगळण्याचा नियम काढला. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला. न्यायालयाचे म्हणणे कायद्याला धरूनच होते. मात्र या वादात, गावातली शाळा पालकाला का नकोशी झाली, या प्रश्नावर फारशी चर्चा झाली नाही.

लहान शाळा बंद कराव्यात काय, यावर महाराष्ट्रात दर काही वर्षांनी वादळ उठते. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा शेजारच्या शाळेत मिसळण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे 'समूह शाळां'त रूपांतर करण्याची कल्पना पुढे आली. त्यासाठी जे दोन नमुने दाखवले गेले त्यांत पानशेतसोबत खानदेशातला तोरणमाळ होता. राज्यात अशा शाळांची संख्या चौदा हजारांच्या वर असल्याचे तेव्हा सांगितले गेले. विरोधकांनी याला गोरगरिबांचे शिक्षण संपवण्याचा कट म्हटले, समर्थकांनी काटकसर म्हटले. दोघांनीही नकाशा उघडून पाहिला नाही.

नकाशा पाहिला तर लगेच दिसते की, तापीकाठच्या सपाट प्रदेशाला आणि सातपुड्याच्या कुशीतल्या पाड्याला एकच नियम लावता येणार नाही. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात दोन गावांमधले अंतर दीड-दोन किलोमीटर असते, रस्ता बारमाही असतो, एसटी असते. तेथे बारा आणि चौदा पटाच्या दोन शाळा, प्रत्येकी दोन शिक्षक आणि चार-चार वर्ग एकाच खोलीत, असा संसार चालू ठेवण्यात मुलांचेही हित नाही. चौथीच्या वर्गात दोनच मुले असतील तर त्यांना कबड्डीचा संघही करता येत नाही. वर्ग म्हणून जे काही शिकायचे असते ते राहूनच जाते. अशा शाळा एकत्र करून वर्गाला एक शिक्षक देता येईल आणि मुलांना आणण्या-नेण्याचा खर्च त्याच बचतीतून सहज निघेल. याउलट चोपड्याच्या उत्तरेला किंवा शिरपूर-साक्रीच्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात नाला भरला की पाडा तुटतो. तेथली पंधरा मुलांची शाळा बंद झाली तर मुलगी घरीच राहील, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको. त्या शाळेवर मुलामागे लाखभर रुपये खर्च झाले तरी तो अपव्यय नाही. सीमेवरच्या चौकीचा खर्च कुणी दर डोई मोजत नाही.

लहान शाळा म्हणजे वाईट शाळा, हेही खरे नाही. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव असलेले महाराष्ट्राचे थोर शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी १९५३ मध्ये एकशिक्षकी शाळेवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले होते. विखुरलेल्या वस्तीच्या देशात ही शाळा राहणारच, तेव्हा तिच्यासाठी वेगळी अध्यापनपद्धती, वेगळे वेळापत्रक आणि वेगळे प्रशिक्षण हवे, ही जाण सत्तर वर्षांपूर्वी या मातीत होती. ती कृतीत उतरली नाही. शहरी शाळेसाठी आखलेले प्रशिक्षणच पाड्यावरच्या शिक्षकालाही मिळत राहिले.

शिक्षकांच्या वेतनाबद्दल मात्र एक गोष्ट स्पष्ट असावी. शाळेच्या खर्चाचा बहुतांश भाग वेतनावर जातो म्हणून वेतन हाच अपव्यय, हा शहरी दिवाणखान्यातला युक्तिवाद उथळ आहे. शिक्षण हे माणसाने माणसाला द्यायचे असते, तेव्हा त्याच्या खर्चात माणसाचाच वाटा मोठा असणार. या राज्याने शिक्षणसेवक नावाखाली तरुणांना वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर राबवून घेतले. २०२३ च्या आरंभी प्राथमिकसाठी ते सहा हजारांवरून सोळा हजार झाले, तोवर त्यात काटकसर पाहणारे अनेक होते. जागतिक बँकेच्या सहकार्याने २००३ मध्ये देशभरातील सरकारी प्राथमिक शाळांना पूर्वसूचनेशिवाय भेटी देऊन पाहणी झाली, तेव्हा चारपैकी एक शिक्षक शाळेत आढळला नव्हता. महाराष्ट्रात हे प्रमाण १४.६ टक्के, म्हणजे पाहणीतील राज्यांत सर्वांत कमी होते. महाराष्ट्राचा शिक्षक शाळेत येतो. प्रश्न आहे तो आल्यावर त्याला काय करायला लावले जाते याचा. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती एवढीच अशैक्षणिक कामे कायद्याच्या २७ व्या कलमाला मान्य आहेत. मतदार यादीचे काम वर्षभर चालते, माहितीची प्रपत्रे आठवडाभर चालतात, प्रत्येक उपक्रमाचे छायाचित्र भरायचे असते, आणि तांदळाचा साठा, डाळीचा साठा, मिठाचा साठा रोजच्या रोज नोंदवायचा असतो. साठ हजारांच्या माणसाकडून पंधरा हजारांच्या लिपिकाचे काम करून घेणे हा खरा अपव्यय आहे, आणि तो कोणत्याही लेखापरीक्षणात दिसत नाही.

त्याचा परिणाम दिसतो तो मुलाच्या वाचनात. 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल २००५ पासून प्रसिद्ध होत आला आहे. त्याच्या २०२४ च्या पाहणीनुसार देशातील ग्रामीण सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात. कोरोनानंतरच्या घसरणीच्या तुलनेत ही सुधारणाच आहे. तरीही निम्म्याहून अधिक मुलांपर्यंत पाच वर्षांचा खर्च पोहोचलेला नाही, हा त्याचा दुसरा अर्थ आहे. केवळ पैसा वाढवून हे बदलत नाही याची साक्ष श्रीमंत देशांनीही दिली आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या शाळांवर १९८५ नंतरच्या बारा वर्षांत न्यायालयाच्या आदेशाने सुमारे दोनशे कोटी डॉलर खर्च झाले. पोहण्याचे भव्य तलाव झाले, नवे वर्ग झाले. मुलांचे गुण होते तेथेच राहिले.

उघड लबाडीचाही विचार झाला पाहिजे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्रात पटपडताळणी झाली. त्याआधी नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी आपल्या जिल्ह्यात ती करून दाखवली होती. एकच मूल दोन शाळांत दाखवता येऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावावी लागली. शाळकरी मुलाच्या बोटाला शाई लावण्याची वेळ राज्यावर आली, यातच सर्व आले. सुमारे वीस लाख मुले हजेरीपटावर होती आणि वर्गात नव्हती. त्यातली सगळीच बनावट होती असे नाही. काही गैरहजर, काही स्थलांतरित असणार. परंतु त्या नावांवर तुकड्या मंजूर होत्या, शिक्षक मंजूर होते, आहाराचे धान्य उचलले जात होते. गुन्हे दाखल करण्यासाठी उच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला, आणि ज्या वेगाने शाई लागली त्या वेगाने कारवाई झाली नाही. कारण उघड आहे. अनुदानित संस्था चालवणारे सर्व पक्षांत आहेत, आणि शिक्षणसम्राटाच्या खुर्चीला विचारसरणी नसते. जे आपले म्हणवतात तेही त्याला अपवाद नाहीत, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

पुढे २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार उघड झाला. परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवार बनावट रीतीने पात्र ठरल्याचे तपासात आढळले. २०२५ मध्ये नागपूर विभागात वेतनप्रणालीतील 'शालार्थ' क्रमांक खोटे काढून शेकडो जणांना शिक्षक म्हणून पगार सुरू असल्याचे समोर आले. पटपडताळणीत मुले खोटी निघाली, पात्रता परीक्षेत गुण खोटे निघाले आणि आता शिक्षक खोटे निघाले. चौदा वर्षांचा हा प्रवास आहे. आता आधार-प्रमाणित पटावर शिक्षकांची पदे ठरू लागली, हे चांगलेच. पण संगणक आला की चोरी संपते हा भ्रम नागपूरने दूर केला.

लबाडी पकडता येते. त्याहून अवघड आहे ते चांगल्या हेतूने केलेल्या उधळपट्टीचे. गणवेशाचे उदाहरण ताजे आहे. समग्र शिक्षा योजनेतून मुलामागे दोन गणवेशांसाठी सहाशे रुपये मिळतात. पूर्वी ते शाळा व्यवस्थापन समितीकडे येत. मुख्याध्यापक आणि समितीचे पालक तालुक्याच्या गावी जाऊन कापड ठरवत, गावातला शिंपी मापे घेई, दर कमी-जास्त करून काम उरकले जाई. तीनशे रुपयांत गणवेश बसवताना ओढाताण होई, क्वचित कुठे टक्केवारीही होत असेल. पण जूनच्या शेवटापर्यंत मूल नव्या कपड्यात दिसे. २०२४-२५ मध्ये राज्य शासनाने ठरवले की, राज्यभर एकच गणवेश असावा, कापड राज्य पातळीवर एकगठ्ठा घ्यावे आणि शिलाई महिला बचत गटांकडून करून घ्यावी. कागदावर यात खोट काढायला जागा नव्हती. एकगठ्ठा खरेदीत कापड स्वस्त पडते, बचत गटाच्या भगिनींना काम मिळते आणि राज्यातली मुले एकसारखी दिसतात.

प्रत्यक्षात काय झाले ते सर्वांनी पाहिले. जून गेला, जुलै गेला. पंधरा ऑगस्टला ध्वजवंदनासाठी असंख्य शाळांतली मुले जुन्याच कपड्यात उभी होती. जे गणवेश आले त्यांतले कितीतरी मापाचे नव्हते. पाचवीच्या मुलाला तिसरीचा सदरा आणि दुसरीच्या मुलीला चौथीचा झगा. ज्या मुलाचे मापच घेतले नाही त्याला कपडा बसणार कसा, हा प्रश्न मंत्रालयातल्या कुणाला पडला नसेल. गावातल्या शिंप्याला तो पहिल्या क्षणी पडला असता. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने चूक मान्य करून हे काम पुढील वर्षापासून पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. निर्णय मागे घेण्याचा मोकळेपणा दाखवला याबद्दल शासनाचे अभिनंदनच केले पाहिजे. पण एक वर्ष गेले, मुलांचा स्वातंत्र्यदिन गेला, आणि त्या वर्षाचा हिशेब कुणी मांडला नाही. जे पोलाद वा कोळशाच्या खरेदीत लाभाचे असते ते मुलाच्या सदऱ्यात लाभाचे नसते, इतका साधा धडा शिकायला राज्याला एक पूर्ण शैक्षणिक वर्ष लागले.

पोषण आहाराची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. धान्य वगळता प्राथमिकच्या मुलामागे साहित्य खर्चाचा दर मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे आहे. एका वेळच्या जेवणात डाळ, तेल, भाजी, मीठमसाला आणि सरपण एवढ्यात भागवायचे. ते भागवते गावातलीच एखादी माउली, जिला महिन्याला अडीच हजार रुपये मानधन मिळते. सबंध शिक्षणव्यवस्थेत रुपयाला सर्वाधिक मोल मिळते ते बहुधा या चुलीपाशी, आणि सर्वाधिक कागदही याच सहा रुपयांसाठी भरले जातात. अनुदान यायला उशीर झाला की किराणा दुकानदाराची उधारी मुख्याध्यापकाच्या नावावर चढते. सरकारचे कर्ज शिक्षकाने गावात उचलायचे, अशी ही अलिखित योजना आहे.

धुळे जिल्ह्याने याच काळात वेगळी वाट दाखवली, आणि तिचा उल्लेख केल्याशिवाय या विषयाला न्याय मिळणार नाही. मूळचे धुळ्याचे आणि अमेरिकेत वित्तक्षेत्रात काम करणारे हर्षल विभांडिक हे २०१५ नंतर गावोगाव फिरू लागले. गावात प्रेरणा सभा घ्यायची, पालकांसमोर शाळेच्या डिजिटल वर्गाचा प्रस्ताव ठेवायचा, आणि खर्चाचा मोठा वाटा गावाने, उरलेला वाटा त्यांनी उचलायचा, अशी ही रीत होती. पाहता पाहता जिल्हा परिषदेच्या सुमारे अकराशे शाळांत पडदा आणि संगणक पोहोचले आणि सर्व जिल्हा परिषद शाळा डिजिटल असलेला जिल्हा म्हणून धुळ्याचे नाव देशभर झाले. ज्या शेतकऱ्याच्या कापसाला भाव नव्हता त्याने शाळेसाठी वर्गणी दिली, शिक्षकांनी स्वतःच्या वेतनातून भर घातली. धुळ्याला हे नवे नाही. नानासाहेब देवांनी समर्थ वाङ्मयाची हस्तलिखिते जमवून वाग्देवता मंदिर उभे केले, इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावे संशोधन मंडळ उभे राहिले, ते याच शहरातल्या लोकांच्या पाठबळावर. लोकवर्गणीतून आलेल्या वस्तूची जपणूक गाव करते. शासनाकडून आलेली वस्तू साहेबांची असते. पडद्यावर शिकल्याने मूल आपोआप हुशार होते असे नाही. परंतु त्या निमित्ताने पालक शाळेत आला, हे पडद्यापेक्षा मोठे काम होते.

आता या कथेचा उत्तरार्ध. पडदा चालायला वीज लागते. शाळेचे वीजबिल कुणी भरायचे हा प्रश्न राज्यभर वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला आणि थकबाकीपोटी ठिकठिकाणच्या शाळांची जोडणी तोडली गेली. समग्र शिक्षेतून तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला दहा हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते; शंभरपर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार. खडू, फळा, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती आणि वीज हे सगळे त्यातच. म्हणजे ज्या शाळेत वेतनावर वर्षाला चौदा लाख खर्च होतात, तिच्याकडे स्वतःच्या निर्णयाने खर्च करायला दहा हजार असतात. त्यातही ते अनेकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात आणि मार्चअखेरपूर्वी संपवावे लागतात. जूनमध्ये गळणारे कौल मार्चमध्ये बदलायचे, किंवा नको असलेली वस्तू घेऊन उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळून तीन मुले दगावली. पैसा नव्हता असे म्हणता येत नाही, कारण त्याच वर्षी त्याच जिल्ह्यात इतर शीर्षांखाली पैसा खर्च होतच होता. तो त्या छतापर्यंत वेळेत पोहोचला नाही.

हे विचारायचे कुणी? कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती नेमली, तिच्यात पाऊण हिस्सा पालक ठेवले, अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करण्याचे काम तिला दिले. बहुतेक गावांत ही समिती सह्यांपुरती आहे. शेतमजूर माता सभेला आली तर तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, हेही समजून घेतले पाहिजे. वरच्या पातळीवर तर विचारणारेच नव्हते. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, धुळ्याची २०२५ च्या प्रारंभी, आणि आरक्षणाच्या न्यायालयीन गुंत्यात कारभार प्रशासकांकडे गेला. शिक्षण समितीचा सभापती नाही, गटाचा सदस्य नाही, अंदाजपत्रकावर चर्चा नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले. जिल्हा परिषदेचे सदस्य फार कार्यक्षम होते असा दावा कुणी करणार नाही. तरी गळक्या छताची तक्रार घेऊन जायला एक दार होते.

जिल्हा परिषदेकडे मागायचे ते फार थोडे आहे. प्रत्येक शाळेच्या दर्शनी फलकावर सुविचाराच्या शेजारी चार आकडे असावेत: आजचा पट, आजची उपस्थिती, वर्षाचा वेतनासह एकूण खर्च आणि त्याला पटाने भागून आलेली रक्कम. पाचवा आकडा गावाने स्वतः काढावा. तिसरी ते पाचवीतली किती मुले दुसरीचे पुस्तक अडखळल्याशिवाय वाचतात, तो. त्यासाठी कुठलीही संस्था नेमावी लागत नाही. मंदिराच्या ओट्यावर किंवा चावडीत एक रविवार पुरतो. राज्यात काही ठिकाणी चावडीवाचनाचे असे प्रयोग झालेही आहेत. अनुदान जूनमध्ये यावे आणि त्याची रक्कम लहान शाळेसाठी तरी दुप्पट व्हावी. वेतनाच्या तुलनेत ही वाढ नगण्य आहे. सपाटीवरच्या शाळा एकत्र करताना बसचे पैसे आधी जमा व्हावेत, कुलूप नंतर लागावे. डोंगरातल्या शाळेला पटाचा निकष लावूच नये.

शहरातील मध्यमवर्गाचाही याच्याशी संबंध आहे. त्याची मुले जिल्हा परिषदेच्या वा पालिकेच्या शाळेत नाहीत, त्यामुळे त्या शाळेचे छत गळते की नाही हे त्याला कळत नाही. कर मात्र तो भरतो. जळगाव-धुळ्यातले निवृत्त बँक कर्मचारी, लेखापाल, प्राध्यापक यांनी आपल्या मूळ गावच्या शाळेची रोकडवही एकदा पाहायला मागावी. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायचीही बहुधा गरज पडत नाही. मुख्याध्यापक वही काढून देतो आणि सोबत आपली कैफियतही सांगतो. शाखेत, मंडळात, वाचनालयात काम करणाऱ्या कार्यकर्त्याला गावातले प्रत्येक घर ठाऊक असते. त्याच्या गावातली किती मुले पिवळ्या बसमध्ये चढतात, किती चालत शाळेत जातात आणि दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाडीत बसून किती निघून जातात, याची यादी शिक्षण विभागापेक्षा तो आधी करू शकतो. व्यवस्थापन समितीच्या पुढच्या फेरनिवडीच्या वेळी त्या यादीतल्या शेवटच्या घरांतले दोन पालक समितीत बसतील आणि सभा त्यांच्या सोयीने संध्याकाळी सातनंतर होईल, एवढे त्याने पाहावे.